कोप्यांवरची लस : एका गाळप हंगामाची हकीकत

ऊसतोड कामगारांच्या तळावर कोविडची लस द्यायची तर कुणाची परवानगी लागते, आधार कार्ड नसलेल्या माणसाची नोंद कशी करायची, पहिला डोस बीडकडे झाला असेल आणि दुसरा इथं द्यायचा असेल तर काय करायचं, हे सगळं एका जागी लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही. पत्रं भरपूर होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज एक नवी पीडीएफ येऊन पडायची. पण 'आम्ही हे असं केलं' म्हणून सांगणारं कुणी भेटत नव्हतं. २०२१-२२ चा हंगाम जून २०२२ पर्यंत लांबला. मग कोप्या (कामगारांच्या झोपड्या) उठल्या, आमचं रजिस्टर बंद झालं. डोक्यात ताजं होतं तोवर लिहून ठेवलं.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बीएएमएस. सोबत एक आरोग्यसेविका (त्यांना सगळे सिस्टर म्हणतात), एक आरोग्यसेवक आणि गावोगावच्या आशाताई. फौजफाटा एवढाच.

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणी, उस्मानाबाद (आता धाराशिव) अशा कोरडवाहू मुलखातून टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधीच कोयत्याला उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. तोडणीचा दर त्या हंगामात टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता, तोही दोघांचा मिळून. पहाटे तीन-चारला फडात (तोडणीच्या उसाच्या शेतात) जायचं आणि गाडी भरल्याशिवाय परतायचं नाही. राहायला पाचटाची (उसाच्या वाळल्या पाल्याची) किंवा ताडपत्रीची कोपी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यातले लाखावर लोक कारखान्यांच्या आसपास अडकून पडले होते आणि १७ एप्रिलला सरकारनं निर्णय घेतल्यावर त्यांची घरवापसी सुरू झाली, हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही तसे खुशीत होतो. ८ ते १४ ऑक्टोबर राज्यात 'मिशन कवच कुंडल' चाललं होतं, रोजचं उद्दिष्ट १५ लाख डोसचं. आमच्या गावांत पहिला डोस जवळपास सगळ्यांचा झाला. २१ तारखेला देशाचे शंभर कोटी डोस झाले. नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' आलं : घरोघरी जा, राहिलेले शोधा. तोवर दिवाळी होऊन गायरानात कोप्या पडल्या होत्या.

आता ही घरं कुणाची? आमचं उद्दिष्ट गावच्या लोकसंख्येवरून काढलेलं, त्यात ही माणसं नाहीत. त्यांच्या मूळ गावी आशाताई दारावर गेली तर दाराला कुलूप, रजिस्टरला शेरा 'स्थलांतरित'. तिकडं ती वजा होतात आणि इकडं कुणी मिळवत नाही. दोन्ही तालुक्यांची टक्केवारी झकास दिसते. मीटिंगमध्ये मी हा मुद्दा काढला तेव्हा शेजारच्या केंद्रातला एक सहकारी म्हणाला, "मॅडम, ते आपल्या टार्गेटमध्येच नाहीत, कशाला अंगावर घेताय?" माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सर्व्हे केला. दिवसा तळावर म्हाताऱ्या बाया, लहान पोरं आणि बैल, बाकी सगळे फडात. म्हणून सर्व्हे संध्याकाळी सातनंतर, चुली पेटलेल्या असताना. आशाताईंनी यात फार मोठं काम केलं. स्वतःच्या घरी स्वयंपाक उरकून त्या परत बाहेर पडायच्या आणि रात्रीच्या या फेऱ्यांचा त्यांना वेगळा मोबदला कुठल्याही हेडखाली बसत नव्हता. सर्व्हेचा फॉर्म आम्हीच केला : नाव, वय, मूळ गाव आणि तालुका, मुकादमाचं नाव, पहिला डोस झाला का, कुठली लस, कार्ड आहे का, मोबाइल कुणाचा. शेवटच्या रकान्यात 'कोणाचा' हे विचारणं फार कामाला आलं, ते पुढे येईलच.

सर्व्हेआधी आमच्याकडे सगळ्यांचं एकच निदान तयार होतं : 'त्या लोकांत गैरसमज फार.' गैरसमज होते, नाही म्हणत नाही. मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, असलं व्हॉट्सॲपवरचं सगळं तिथवर पोचलेलं होतं. पण प्रत्येक कोपीत आधी जो प्रश्न आला तो एकच होता : "ताप येतो म्हंत्यात. मंग खाडा कोण भरणार?"

खाडा म्हणजे गैरहजेरी. कोयता कामावर गेला नाही तर मुकादम त्या दिवसाचे पैसे उलट कापतो. नवरा तापानं पडला तर बायको एकटी तोडू शकते, मोळ्या बांधू शकते, पण गाडी भरायला जोडी लागते. म्हणजे फुकटच्या लशीची किंमत त्यांच्या हिशोबात एका दिवसाची मजुरी आणि वर दंड. हा हिशोब बरोबर होता. त्याला जनजागृतीच्या पत्रकानं काय उत्तर देणार?

मी आधी कारखान्याच्या शेतकी विभागात गेले. शेतकी अधिकारी सौजन्यानं बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, "खाडा आम्ही धरतच नाही, तो मुकादमाचा आणि त्याच्या लोकांचा व्यवहार." कागदावर हे खरं होतं. शेवटी एवढंच मागितलं की टोळीच्या लसीकरणाच्या दुसऱ्या दिवशी त्या टोळीला लांबचा फड देऊ नका आणि गाडी उशिरा भरली तर नंबर मागे टाकू नका. हे त्यांनी मान्य केलं आणि स्लिपबॉयला (फडावर चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) तसं सांगितलं. मी पत्रावर सही मागितली. पत्र मिळायला आठवडा गेला, पण मिळालं. हे पत्र पुढे प्रत्येक मुकादमासमोर उघडून दाखवता आलं. तोंडी आश्वासन घेऊन परत फिरू नका, एवढं मी या बाबतीत नक्की सांगेन.

मुकादमांशी बोलणं वेगळं. तिथं दया-माया काढून उपयोग नाही. एक जण आजारी पडला तर एक कोयता थांबतो, कोविड तळात शिरला तर अख्खी टोळी थांबते आणि दिलेली उचल अडकते, हे मी सरळ पैशांच्या भाषेत मांडलं. दोन मुकादम लगेच तयार झाले. एक शेवटपर्यंत झाला नाही. त्याच्या टोळीतले लोक नंतर दुसऱ्या तळावर येऊन लस घेऊन गेले. तोडगा असा निघाला : एका जोडीतल्या दोघांना एकाच दिवशी लस द्यायची नाही. आज अर्धा कोयता, पुढच्या आठवड्यात उरलेला अर्धा. लस दिल्यावर प्रत्येकाच्या हातात दोन दिवसांच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि कधी, किती घ्यायच्या ते तिथंच त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं. या वाटाघाटीत पहिल्यांदा बायका मागं पडू लागल्या, कारण 'आधी गड्यांचं होऊ द्या'. मग सिस्टरनी एका तळावर नियम उलटा केला, पहिली रात्र बायकांची. पुढे तोच ठेवला.

आता कागदोपत्री भाग. प्रस्ताव २४ नोव्हेंबरला दिला. प्रवास असा : उपकेंद्राकडून प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तिथून तालुका आरोग्य अधिकारी, तिथून जिल्हा परिषदेत माता व बाल संगोपन अधिकारी, कारण जिल्ह्याचं लसीकरण त्यांच्याकडे. दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, सत्र रात्री सात ते अकरा घ्यायचं. दोन, ओळखपत्र नसलेल्यांसाठी कोविनवर (लसीकरणाच्या नोंदणीच्या पोर्टलवर) वेगळं विशेष सत्र.

रात्रीच्या सत्राला खाली कुणी नाही म्हणत नव्हतं आणि हो पण म्हणत नव्हतं. 'अशी वेळ आजवर दिली नाही' एवढंच उत्तर. खरं तर वेळेची अट केंद्र सरकारनं ३ मार्च २०२१ लाच काढून टाकली होती, चोवीस तास लसीकरणाची मुभा तेव्हापासून होती. प्रस्तावाला तो संदर्भ जोडला तेव्हा फाइल हलली. आक्षेप दुसराच आला आणि तो रास्त होता : रात्री कुणाला रिॲक्शन आली तर? म्हणून सत्रावर वैद्यकीय अधिकारी स्वतः हजर, एईएफआय किट (लशीनंतर त्रास झाला तर लागणारी औषधं), १०८ रुग्णवाहिकेला आधी कळवून ठेवलेलं आणि अर्ध्या तासाची देखरेख, हे लिहून दिलं. आमचे डॉक्टर सर दिवसभर ओपीडी करून रात्री यायला तयार झाले म्हणून हे जमलं. ते नसते तर मंजुरी आली असती असं मला वाटत नाही.

ओळखपत्राचा मुद्दा जरा समजून घ्या, कारण यात बरेच जण अडकतात. कोविनला सातपैकी एक ओळखपत्र लागायचं : आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, पेन्शनचं पासबुक किंवा एनपीआरचं (राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं) स्मार्ट कार्ड. पण ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशांसाठी केंद्राची कार्यपद्धती ६ मे २०२१ पासून होती. भटके, साधू, कैदी, वृद्धाश्रमातले लोक, रस्त्यावर भीक मागणारे अशांची नावं त्यात आहेत आणि 'इतर पात्र व्यक्ती' असंही आहे. अशा गटासाठी एक 'की फॅसिलिटेटर' नेमायचा. त्याच्याकडे स्वतःचं ओळखपत्र आणि चालू मोबाइल हवा. लस घेणाऱ्याला कार्ड लागत नव्हतं, मोबाइल लागत नव्हता. 'हीच ती व्यक्ती' एवढं फॅसिलिटेटरनं सांगायचं. आम्ही 'ऊसतोड कामगार' हा शब्द त्या परिपत्रकात शोधत बसलो असतो तर मिळालाच नसता.

प्रत्यक्षात मात्र सर्व्हेत 'आधार नाही' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आधार होतं, फक्त इथं नव्हतं. गावाकडे पेटीत होतं, सासूजवळ होतं, काहींचं मुकादमानं 'सांभाळायला' ठेवलं होतं. गावाकडच्या पुतण्याला फोन लावून फोटो मागवला की काम होई. खरोखर एकही कागद नसलेली कुटुंबं मोजकी निघाली आणि विशेष सत्र त्यांच्यासाठीच वापरलं. कुणी हे करणार असेल तर आधी ही चाळणी लावा. नाहीतर सगळेच विशेष सत्रात टाकले जातात आणि त्यांचा जुना डोस त्यांच्या नावाला कधीच जोडला जात नाही.

फॅसिलिटेटर कोण, यावर आमच्यात वाद झाला. मुकादम हे सोपं उत्तर होतं. सगळ्यांना ओळखतो, फोन आहे, आधार आहे. मला ते पटेना. ज्याची उचल अंगावर आहे त्यानं शेजारी उभं राहून 'घे' म्हटल्यावर दिलेली संमती कसली? शेवटी टोळीतलीच बारावी झालेली एक बाई मिळाली, तिच्याकडे आधार होतं, साधा का होईना स्वतःचा फोन होता. तिनं सगळ्यांची जन्मसालं काढली. 'किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी मी चालायला लागले होते', असल्या खुणांवरून. मी लिहून घेत होते आणि ती वजाबाक्या करत होती.

मंजुरी ८ डिसेंबरला आली. पहिलं रात्रीचं सत्र १० डिसेंबरला, शुक्रवारी.

तयारीचं थोडं तपशिलात सांगते, कारण परिपत्रकात हे नसतं. लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये (लस साठवायच्या फ्रीजमध्ये), दोन ते आठ अंशांत. तिथून व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइसपॅक घालून न्यायची. आइसपॅक फ्रीजरमधून काढून थेट भरायचे नाहीत, कुपी गोठली तर लस वाया. पॅकला घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचे आणि कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळलं की भरायचे. सिस्टर हे डोळे मिटून करतात. कोविशिल्डची कुपी दहा डोसांची, फोडल्यापासून चार तासांत संपवायची, म्हणून कुपीवर वेळ लिहायची. अंधारात हे लिहिताना पेन कुठं जातं कळत नाही. पेन कॅरियरला दोऱ्यानं बांधून ठेवा. उजेडासाठी अनटाइड निधीतून (उपकेंद्राच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून) एक चार्जिंगचा दिवा आणि टेबल टॉर्च घेतला, बिलं जपून ठेवा, ऑडिटला विचारतात. न फोडलेल्या कुप्या त्याच रात्री परत आयएलआरमध्ये गेल्या पाहिजेत, म्हणून औषध निर्माण अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं की रात्री बाराला दार उघडा. पहिल्या रात्री ते स्वतःच पायरीवर बसून होते.

तळावर आम्ही पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. अर्ध्या टोळीची गाडी अजून वजनकाट्यावर अडकलेली. हे दर वेळी झालं. काट्याला लागणारा वेळ कुणाच्या हातात नाही. कुपी फोडायची घाई करू नका, दहा जण डोळ्यांसमोर आल्यावर फोडा. ट्रॅक्टर उभा करून त्याच्या दिव्यात खुर्ची टाकली. पहिली बसली ती फॅसिलिटेटर बाई. दुसरी तिची जाऊ. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, बाहीवर पाचटाचा काळा मळ. सिस्टरना सुईआधी दंड पुसायला दर वेळी एकाऐवजी तीन-तीन बोळे लागत होते. पुढच्या सत्राला आम्ही कापूस दुप्पट नेला आणि आधी हातपाय धुवायला बादलीभर कोमट पाणी चुलीवर ठेवायला सांगितलं.

तिथंच एका बाईनं हळूच विचारलं, "पिशवी काढल्याली आसंल तर चालती का?" मी हो म्हटल्यावर मागच्या चार-पाच जणी पुढे सरकल्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय (पिशवी) काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं, विधिमंडळात आलं, चौकशी समिती नेमली गेली. बातम्या सगळ्यांनी वाचल्या. पण ज्यांच्यावर त्या शस्त्रक्रिया झाल्या त्या बायका आता पांढऱ्या एप्रनकडे कशा बघत असतील, याचा विचार लसीकरणाच्या एकाही प्रशिक्षणात झाला नव्हता. गरजेशिवाय पिशवी काढून टाकणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव ज्यांच्या गाठीला आहे, त्यांनी माझ्यावर एका भेटीत विश्वास का ठेवावा? त्या रात्रीपासून सिस्टर सत्राआधी अर्धा तास फक्त बायकांत बसायच्या. अंगावरचं पांढरं, पाठदुखी, रक्त कमी असणं, सगळं तिथं निघायचं. हिमोग्लोबिन तपासायला लागलो, लोहाच्या गोळ्या दिल्या. गरोदर बायकांना २ जुलै २०२१ पासून कोविडची लस देता येत होती, तरी कार्डावर नोंद नसल्यानं त्या कुठंच धरल्या गेल्या नव्हत्या. लहान पोरांचे राहिलेले नेहमीचे डोसही तिथंच दिले.

आता मोबाइल नंबरचं. कोविनवर एका नंबरावर चारच जणांची नोंद होत असे, जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहा झाली. गावाकडे पहिला डोस घेताना यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे फोन नव्हता, म्हणून कुणाचा नंबर गुरुजींचा, कुणाचा आशाताईचा, कुणाचा शेजाऱ्याचा. दुसऱ्या डोसची आठवण करून देणारा मेसेज जायचा गावातल्या गुरुजींना, माणूस इथं फडात. आणि लस तीच द्यावी लागायची, कोविशिल्डवर कोव्हॅक्सिन चालत नव्हतं, त्यामुळे अंदाजानं देऊन मोकळं होता येत नव्हतं. आम्ही काय केलं, मूळ तालुक्याच्या आरोग्य केंद्राचा नंबर शोधून तिथल्या आशाताईंशी थेट बोललो. त्यांच्या वहीत सगळं असतं. बहुतेकींनी रात्रीसुद्धा फोन उचलला आणि नंबर काढून दिला. एक तर म्हणाली, "बरं झालं सापडले, माझ्या यादीत ते 'स्थलांतरित' म्हणून लाल शाईत आहेत." तळावर रेंज नसायची. नोंद कागदावर घ्यायची, बांधावर उंच जागी जाऊन कोविनवर टाकायची. नोंदी त्याच दिवशी करायच्या अशा सूचना असल्यानं आरोग्यसेवक बारा वाजायच्या आत पूर्ण करण्यासाठी धडपडायचा. डेटा पॅक त्याच्या खिशातला.

सर्टिफिकेटची भीती आणि हाव दोन्ही होती. नोव्हेंबरात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात एक तरी डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल मिळणार नाही असा आदेश निघाला होता, ती बातमी फिरत फिरत इथं 'लस नसेल तर आधार बंद' अशी होऊन पोचली. एक आजोबा हात जोडून म्हणाले, "सर्टिफिकेट तेवढं द्या बाई, सुई ऱ्हाऊ द्या." असल्या सक्तीनं थोडे लोक येतात, पण ते डोळ्याला डोळा न भिडवता येतात आणि पुढचा डोस चुकवतात, असं माझं मत झालंय. आम्ही मात्र सर्टिफिकेट प्रिंट काढून हातात द्यायचं ठरवलं, कारण लिंक पाठवणार कुणाला? गावातल्या झेरॉक्सवाल्यानं दहाऐवजी पाच रुपयांत एक प्रिंट दिली, पैसे ग्रामपंचायतीनं भरले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. कोपीत कागद आठवडाभर टिकत नाही.

जानेवारीत तिसरी लाट आली आणि आमचंच पथक आजारी पडलं. सिस्टर, सर आणि मी पाठोपाठ पॉझिटिव्ह. रात्रीची सत्रं बंद. ५ जानेवारीच्या नव्या सूचनांनुसार सौम्य रुग्णाचं गृहविलगीकरण सात दिवसांचं झालं होतं. मला घरात वेगळी खोली होती. तळावर दोघं पॉझिटिव्ह निघाले, त्यांची कोपी म्हणजे दहा बाय दहाची एकच जागा, आत पाच माणसं. शाळा तेव्हा बंदच होती. सरपंचांनी एका वर्गाची किल्ली दिली आणि ते दोघं तिथं राहिले. कागदावर त्याला 'गृह' म्हणायचं की काय, हा प्रश्न तालुक्यानं विचारला नाही आणि आम्हीही काढला नाही.

याच काळात ३ जानेवारीपासून १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं, त्यांना फक्त कोव्हॅक्सिन. त्यामुळे वय नेमकं लिहिणं भाग पडलं. कोपीतल्या एका मुलीचं वय घरच्यांनी एकोणीस सांगितलं होतं. फॅसिलिटेटर बाईनं वही माझ्याकडे सरकवली आणि बोट ठेवलं, जन्मसाल २००५. गळ्यात मंगळसूत्र. तिला लस कोव्हॅक्सिनच दिली. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांना लेखी कळवलं, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. त्यांनी तिच्या मूळ गावच्या ग्रामसेवकाकडे कळवलं, महिला व बालविकासची माणसं येऊन गेली. पुढच्या आठवड्यात ते कुटुंब तळ सोडून गेलं. तिचा अठ्ठावीस दिवसांनंतरचा डोस आमच्या रजिस्टरला रिकामा आहे.

दुसऱ्या डोसचं गणित सगळ्यात आधी मांडलं होतं म्हणून निभावलं. कोविशिल्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवडे, म्हणजे किमान ८४ दिवस. १० डिसेंबरवाल्यांचा दुसरा डोस ४ मार्चपासून. टोळ्या एप्रिलअखेर उठतात असं धरलं तर पहिला डोस जानेवारी संपायच्या आत झालाच पाहिजे, नाहीतर दुसरा इथं होणार नाही. लाटेमुळे गेलेले दिवस भरून काढायला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लागोपाठ सत्रं घेतली. मार्चमध्ये लोक स्वतःहून विचारायला लागले, कारण पहिल्या डोसानंतर ताप आला तो दीड दिवसात गेला, आणि पत्र दाखवल्यामुळे म्हणा किंवा लाजेनं म्हणा, बहुतेक मुकादमांनी खाडा धरला नाही. ज्या एकानं धरला त्याचे लोक दुसऱ्या डोसाला सर्वांत कमी आले.

२ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. गावातली मंडळी त्या दिवसापासून कोविड विसरली आणि पथकातही 'आता कशाला' सुरू झालं. ऊस मात्र संपत नव्हता. चाळीस अंशांत फड चालू होते, काही टोळ्या ऊस शिल्लक असलेल्या दुसऱ्या कारखान्यांकडे वळवल्या गेल्या. कुठं गेल्या हे मुकादमाच्या फोनवरून कळायचं, मग तिथल्या उपकेंद्राला नावं कळवायची. त्यासाठी एवढंच सांगेन की माणसाचा नंबर नसला तरी चालेल, मुकादमाचा आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर वहीत पाहिजेच.

शेवटची टोळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. ज्यांचा दुसरा डोस राहिला त्यांची तालुकावार यादी करून आम्ही वरिष्ठांमार्फत त्या-त्या जिल्ह्यांना पाठवली आणि आशाताईंना वेगळे फोनही केले, कारण पत्र पोचायला वेळ लागतो. 'हर घर दस्तक'चा दुसरा टप्पा १ जून ते ३१ जुलै २०२२ असा होता, त्यात काहींचे डोस झाल्याचं कळलं. बाकीच्या नावांपुढे तोवर काही आलं नव्हतं.

आणि मग नवीन गणित समोर आलं. १५ जुलै २०२२ पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रांत बूस्टर मोफत झाला, पण ७५ दिवसच, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत. दुसऱ्या डोसानंतर सहा महिने व्हायला हवे होते. आमच्याकडे मार्चमध्ये दुसरा डोस घेतलेल्यांचे सहा महिने सप्टेंबरात भरत होते, तेव्हा ते गावीच असणार होते. एप्रिल, मे, जूनवाल्यांचे ऑक्टोबरात किंवा त्यानंतर भरत होते. तोवर मोफतची मुदत संपलेली असणार होती आणि २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता, त्यानंतर टोळ्या निघायला लागतात. मार्चवाल्यांची यादी वेगळी काढून मी तिकडच्या आशाताईंना ऑगस्टअखेर पाठवायचं ठरवलं. उरलेल्यांसाठी मुदत वाढवून मागणारं पत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीनं तालुक्याला गेलं.